हप्त्यावरची मालकी

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतून न्हावाशेवा बंदराकडे माल नेणारे ट्रक आपण सर्वजण रोज पाहतो. कॉलेजला यावयाचे म्हटले की कल्याण-बदलापूर रस्त्यावर त्यांच्या मागेपुढेच यावे लागते. त्यांच्या पाठीवर लिहिलेली वाक्ये वाचून आपण घटकाभर करमणूक करून घेतो. परंतु हा ट्रक कुणाचा, असा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. तो विचारला तर उत्तर वाटते तितके सोपे निघत नाही. दारावर रंगवलेले नाव एकाचे असते, नोंदणी पुस्तकातील नाव दुसऱ्याचे असते, त्याच पुस्तकात बोजा तिसऱ्याचा असतो आणि रात्रंदिवस चाक हाती धरणारा माणूस चौथाच असतो. या चौथ्या माणसाला कधीतरी वाटते की दारावरचे नाव आपले असावे. त्या इच्छेचा आणि तिच्या किमतीचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विषय सुचण्याचे कारण घरचेच आहे. माझे मामा बावीस वर्षे ट्रक चालवतात. गेल्या वर्षी त्यांच्या शेठनी त्यांच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला: "ही गाडी तूच घे. आता थोडे पैसे दे, बाकी दरमहा हप्त्याने फेड. तीन वर्षांनी गाडी तुझी." ड्रायव्हर मंडळींत असा व्यवहार नवा नाही. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, म्हणून कराराचा कागद वाचण्याचे काम माझ्याकडे आले. देण्याची रक्कम होती दीड लाख रुपये. ती मामींनी भिशीतून साठवलेली होती आणि मामेबहिणीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी राखून ठेवलेली होती. तेव्हा हिशोब चुकून चालणार नव्हता. तो करताना जे वाचले आणि जाणकारांना विचारले, ते इतरांच्याही उपयोगी पडावे असे वाटते. आपल्या वर्गातील कितीतरी मुलामुलींच्या घरी टेम्पो, रिक्षा किंवा ट्रक आहे.

कल्पना जुनीच

वस्तू आज वापरायला घ्यावी, पैसे हप्त्याने द्यावेत आणि शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी देणाऱ्याकडेच राहावी, या पद्धतीला आपण भाडे-खरेदी म्हणतो. अमेरिकेतील सिंगर कंपनीने १८५० नंतरच्या दशकात शिवणयंत्रे अशा रीतीने विकावयास सुरुवात केली. एकरकमी यंत्र घेणे ज्या कुटुंबाला शक्य नव्हते, ते त्याच यंत्रावर शिवून त्याचेच हप्ते फेडू लागले. गारमेंटवर जगणाऱ्या उल्हासनगरला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावयास नको.

या व्यवहारातील कायद्याची मेख १८९५ साली इंग्लंडमध्ये एका पियानोने उघड केली. ब्रूस्टर नावाच्या गृहस्थाने हेल्बी या व्यापाऱ्याकडून छत्तीस मासिक हप्त्यांच्या बोलीवर पियानो घेतला. वाटेल तेव्हा तो परत करण्याची मुभा त्याला होती. हप्ते चालू असतानाच त्याने तो मॅथ्यूज नावाच्या सावकाराकडे गहाण टाकला. पियानो कुणाचा, हा वाद हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. निकाल असा लागला की ब्रूस्टरने पियानो विकत घेण्याचे वचन दिलेले नव्हते. तो केवळ भाडेकरू होता, म्हणून पियानो हेल्बीचाच. याचा अर्थ इतकाच की हप्ते भरणारा माणूस स्वतःला मालक समजत असला, तरी शेवटचा हप्ता फिटेपर्यंत कायद्याच्या लेखी तो भाडेकरूच असतो.

आपल्या देशात मालमोटारींचा धंदा बव्हंशी याच पद्धतीवर उभा राहिला. मद्रासची सुंदरम फायनान्स १९५४ साली निघाली, तर श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्स १९७९ साली. जुना ट्रक घेणाऱ्या, एकच गाडी असणाऱ्या माणसाला कर्ज देणे हे श्रीरामचे वैशिष्ट्य होते (२०२२ साली समूहातील अन्य कंपन्या तिच्यात विलीन होऊन ती श्रीराम फायनान्स झाली). अशा कंपन्यांमुळे हजारो ड्रायव्हर मालक झाले हे मान्य केले पाहिजे. भाडे-खरेदी ही मुळात फसवणूक आहे, असे माझे म्हणणे नाही.

मात्र या व्यवहारावर खास असा कायदा आपल्याकडे नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. संसदेने १९७२ साली भाडे-खरेदी कायदा संमत केला होता. किमतीचा ठराविक हिस्सा भरून झाल्यावर न्यायालयाच्या हुकुमाशिवाय वस्तू काढून घेता येऊ नये, अशी तरतूद त्यात होती. परंतु हा कायदा कधी अंमलातच आला नाही आणि २००५ साली तो रद्द करण्यात आला. त्यामुळे उभय पक्षांनी कागदावर जे लिहिले असेल, त्यालाच १८७२ च्या करार कायद्याच्या चौकटीत सर्वाधिक महत्त्व येते. कागद नीट वाचावा असे वडीलधारे सांगतात, त्याचे कारण हे आहे.

तीन शब्द, तीन अर्थ

बोलण्यात आपण "गाडी हप्त्यावर घेतली" एवढेच म्हणतो. परंतु या एका वाक्यात तीन वेगळे व्यवहार लपलेले असू शकतात.

पहिला भाडेपट्टा. यात गाडी वापरायची आणि भाडे द्यायचे. मुदत संपली की गाडी परत. मालकीचा प्रश्नच नाही.

दुसरा भाडे-खरेदी. यात भाड्याच्या रूपाने किंमत फिटत जाते, पण मालकी शेवटी मिळते.

तिसरा नजरगहाण. यात गाडी पहिल्या दिवसापासून घेणाऱ्याच्या नावावर असते. कर्ज देणाऱ्या बँकेचा किंवा कंपनीचा तिच्यावर फक्त बोजा असतो. आजकाल बँका बहुतेक वाहनकर्जे याच पद्धतीने देतात.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५१ प्रमाणे या तिन्ही प्रकारच्या करारांची नोंद गाडीच्या नोंदणी पुस्तकात करता येते. बोजा चढवण्यासाठी नमुना ३४ आणि कर्ज फिटल्यावर तो उतरवण्यासाठी नमुना ३५ असतो. बोजा असताना कर्ज देणाऱ्याच्या लेखी संमतीवाचून गाडी दुसऱ्याच्या नावे होत नाही. आपल्या भागातील ही सर्व कामे कल्याणच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात चालतात. आपल्याकडील गाड्यांवरचा "एमएच ०५" हा क्रमांक त्याच कार्यालयाचा.

मामांच्या शेठचा प्रस्ताव या तिहींपैकी कोणता? बोली भाडे-खरेदीची होती, पण परिवहन कार्यालयात नोंद मात्र काहीच होणार नव्हती. शंभराच्या नव्हे, पाचशेच्या स्टँपवर करार होईल आणि नोटरी करू, असे शेठ म्हणाले. नोटरी झाली म्हणजे गाडी आपली झाली, असा समज ड्रायव्हर मंडळींत सर्रास आढळतो. वास्तविक नोटरी सह्या कुणाच्या आहेत याची साक्ष देतो. गाडी कुणाची आहे, हे नोंदणी पुस्तक सांगते.

कागदावरचा करार

कराराच्या अटी थोडक्यात अशा होत्या. इसार दीड लाख रुपये. त्यानंतर दरमहा ३२,००० रुपयांचे छत्तीस हप्ते. डिझेल, टायर, विमा, दुरुस्ती, कर हे सर्व ड्रायव्हरकडे. माल फक्त शेठच्याच ट्रान्सपोर्ट ऑफिसमधून उचलायचा आणि भाड्याच्या दहा टक्के कमिशन ऑफिसला द्यायचे. कागदपत्रे शेवटच्या हप्त्यापर्यंत शेठच्या नावे. लागोपाठ दोन हप्ते चुकले तर गाडी परत आणि तोपर्यंत भरलेली सर्व रक्कम "वापराचे भाडे" म्हणून जमा.

गाडी सहाचाकी, सात वर्षांची. तशाच गाडीची चौकशी आम्ही दोन-तीन ठिकाणी केली तेव्हा किंमत नऊ लाखांच्या आसपास निघाली. आता बेरीज करू. छत्तीस हप्त्यांचे ११,५२,००० आणि इसाराचे १,५०,००० मिळून १३,०२,००० रुपये होतात. म्हणजे नऊ लाखांच्या गाडीला तेरा लाख.

"एवढं तर होणारच, उधारी आहे," असे मामा म्हणाले. त्यांचे म्हणणे चूक नाही. उधारीला किंमत असते. प्रश्न आहे ती किंमत किती, हा.

व्याजाचे दोन दर

येथे आपल्या पाठ्यपुस्तकातील एक साधी गोष्ट कामी येते. व्याज दोन तऱ्हांनी सांगतात. एक सरळ, म्हणजे बाजारातील भाषेत "फ्लॅट", आणि दुसरे घटत्या शिलकीवर. समजा दहा लाखांचे कर्ज चार वर्षांसाठी दहा टक्के फ्लॅटने घेतले. वर्षाला एक लाख याप्रमाणे चार लाख व्याज, एकूण चौदा लाख, हप्ता सुमारे २९,१६७ रुपये. ऐकायला दहा टक्के. पण पहिल्या महिन्यात तुम्ही दहा लाख वापरत असता आणि शेवटच्या महिन्यात जेमतेम एका हप्त्याइतके. तरीही व्याज मात्र चारही वर्षे पुऱ्या दहा लाखांवर आकारले गेले. घटत्या शिलकीवर मोजले तर हाच दर साडेसतरा टक्क्यांच्या पुढे जातो.

शेठच्या प्रस्तावात व्याजाचा शब्दच नव्हता, केवळ हप्ता होता. पण शब्द नसला म्हणून व्याज नसते असे नाही. नऊ लाखांतून इसार वजा जाता साडेसात लाखांची उधारी राहते आणि तिच्यापोटी तीन वर्षांत ११,५२,००० फेडायचे. घटत्या शिलकीवर हा दर वर्षाला तीस टक्क्यांच्या आसपास पडतो.

बँका आणि वित्त कंपन्या यांना आता ही लपवाछपवी करता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि लघुउद्योगांच्या नव्या मुदत कर्जांना ठळक माहितीचे पत्रक द्यावे लागते आणि सर्व खर्च धरून होणारा वार्षिक दर त्यात लिहावा लागतो. खाजगी शेठला मात्र असे कोणतेच पत्रक द्यावे लागत नाही. ते आपल्यालाच वहीच्या पानावर तयार करावे लागते.

महिन्याचा हिशोब

हप्ता गाडीने कमवायचा असतो, म्हणून गाडीची कमाई पाहिली पाहिजे. खालील आकडे मामांच्या अनुभवावरून ढोबळ धरले आहेत. प्रत्येकाने त्यात आपले आकडे घालून पाहावेत.

अंबरनाथहून न्हावाशेव्याची खेप जाऊन-येऊन सुमारे ११० किलोमीटर. अंतर थोडे, पण शिळफाट्याची कोंडी, अवजड वाहनांना ठराविक वेळी असलेली बंदी आणि बंदराबाहेरील रांग यामुळे रोज एक खेप होत नाही. महिन्याला सोळा खेपा धरल्या आणि खेपेला ७,५०० रुपये भाडे धरले, तर जमा १,२०,००० रुपये.

आता खर्च. कमिशन १२,०००. डिझेल, लिटरला पाच किलोमीटर आणि लिटरचे ९० रुपये धरून, सुमारे ३२,०००. क्लीनरचा पगार १२,०००. टोल, काटा, पार्किंग आणि वाटेतील किरकोळ ८,०००. टायरसाठी बाजूला ५,०००. विम्यासाठी ५,०००. कर, पासिंग, परमिट २,०००. दुरुस्ती ६,०००. हप्ता ३२,०००. एकूण १,१४,००० रुपये. शिल्लक राहिले सहा हजार.

मामांना सध्या पगार मिळतो बावीस हजार. म्हणजे मालक झाल्यावर पहिली तीन वर्षे घरात येणार सहा हजार, तेही सर्व सुरळीत चालले तर. आता एखाद्या महिन्यात आठवडाभर गाडी उभी राहिली असे धरू. पावसाळ्यात उल्हास नदीला पूर आला की रस्ते कसे बंद होतात, हे बदलापूरकरांना २६ जुलै २००५ पासून आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये चांगलेच समजले आहे. चार खेपा कमी झाल्या की जमा ९०,००० वर येते. कमिशन, डिझेल, टोल त्या मानाने घटतात, परंतु हप्ता, क्लीनर, विमा घटत नाहीत. त्या महिन्यात अकरा हजारांची तूट येते. असे दोन महिने पाठोपाठ आले की कराराचे शेवटचे कलम दाराशी येऊन उभे राहते.

कुणी म्हणेल, तीन वर्षे कळ काढली की पुढे हप्ता नाही. हा मुद्दा न्याय्य आहे, म्हणून चार वर्षांचा हिशोब मांडून पाहिला. गाडी चार वर्षांनी साडेचार लाखांची राहील असे धरले. पगारावर राहिल्यास चार वर्षांत मामांकडे येतात १०,५६,००० रुपये. शेठचा प्रस्ताव घेतल्यास तीन वर्षे महिना सहा हजार, चौथ्या वर्षी महिना अडतीस हजार, त्यातून इसाराचे दीड लाख वजा आणि गाडीची किंमत अधिक, असे ९,७२,०००. म्हणजे एकही अपघात नाही, एकही हप्ता चुकलेला नाही, इंजिनाचे मोठे काम निघालेले नाही, असे सगळे शुभ धरूनही चार वर्षांच्या शेवटी मालक ड्रायव्हर पगारी ड्रायव्हरच्या मागेच राहतो. पाचव्या वर्षापासून तो पुढे जाऊ लागेल. पण तेव्हा गाडी अकरा वर्षांची झालेली असेल. आठ वर्षांनंतर पासिंगही दोन वर्षांऐवजी दरवर्षी करावे लागते आणि गॅरेजवाल्याची भेट वाढत जाते.

मालकी म्हणजे जोखीम

पैशांच्या पलीकडचा विचार मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मालकी म्हणजे काय, याची फोड केली तर तिचे दोन भाग पडतात: लाभ आणि जोखीम. या प्रस्तावात टायर फुटण्याची, पुराची, मंदीची, डिझेलच्या भाववाढीची अशी सारी जोखीम पहिल्या दिवशी ड्रायव्हरकडे येते. लाभ, म्हणजे गाडी विकण्याचा, तिच्यावर कर्ज काढण्याचा, पाहिजे त्याचा माल भरण्याचा हक्क, तीन वर्षांनी येणार. आला तर.

त्यातही काही फटी अशा आहेत की त्या बाहेरून दिसत नाहीत.

गाडी जळाली किंवा चोरीस गेली, तर विम्याची रक्कम विमा ज्याच्या नावे त्याला मिळते. हप्ते भरणाऱ्याचे नाव तेथे नसते.

गाडीवर शेठचेच कर्ज चालू असेल आणि मामांकडून घेतलेला हप्ता शेठनी पुढे भरलाच नाही, तर वित्त कंपनी गाडी नेऊ शकते. मामांनी एकही हप्ता चुकवला नाही, ही गोष्ट कंपनीला लागू होत नाही. नोंदणी पुस्तक पाहिले तेव्हा या गाडीवरही एका कंपनीचा बोजा निघाला.

माल एकाच ऑफिसमधून उचलायचा ही अट तर सर्वांत बिकट. माल देणारा, कमिशन घेणारा आणि हप्ता घेणारा एकच माणूस असला, की खेपा कमी देणे त्याच्या हाती आणि त्यामुळे हप्ता चुकला तर गाडी परत घेणेही त्याच्याच हाती. हा दोष आपल्याकडचाच आहे असे नाही. अमेरिकेत वाहतूक कंपन्या आपल्याच ड्रायव्हरांना याच धर्तीवर ट्रक देतात. तेथील २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यान्वये नेमलेल्या अभ्यासगटाने जानेवारी २०२५ मध्ये आपला अहवाल दिला आणि कंपनीनेच ड्रायव्हरला ट्रक देण्याच्या अशा योजनांवर बंदी घालावी अशी शिफारस केली. एवढ्या श्रीमंत देशातही दुखणे तेच, कारण त्याचे मूळ गरिबीपेक्षा सत्ता एकाच हाती असण्यात आहे.

गाडी ओढून नेण्याबाबत आपल्या सर्वोच्च न्यायालयाची भूमिका दोन निकालांतून समजते. २००१ साली चरणजितसिंग चढ्ढा यांच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले की भाडे-खरेदीत हप्ते थकल्यावर कराराप्रमाणे वाहन परत घेणे हा चोरीचा गुन्हा होत नाही, कारण मालक तोच असतो. पुढे २०११ साली सिटीकॉर्प मारुतीच्या प्रकरणात न्यायालयाने बजावले की करार असला तरी दांडगाई करून गाडी हिसकावता येत नाही. वसुली कायदेशीर मार्गानेच झाली पाहिजे. वित्त कंपन्यांना तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे नोटिशीची मुदत, ताबा घेण्याची रीत आणि लिलावापूर्वीची शेवटची संधी हे सर्व करारात लिहावे लागते, आणि वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. खाजगी शेठवर यांपैकी कोणताच नियम चालत नाही.

गंमत अशी की असा कच्चा व्यवहार शेठच्याही हिताचा नाही. नवीनकुमार यांच्या प्रकरणात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की गाडी हातोहात विकली गेली असली, तरी नोंदणी पुस्तकात ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक समजला जाईल. मामांच्या हातून उद्या काही झाले, तर नोटीस शेठच्या दारी येईल. ई-चलनेही त्यांच्याच नावे निघतील. हा मुद्दा सांगितल्यावर शेठ प्रथमच विचारात पडले.

दुसरी वाट

मग ड्रायव्हरने मालक होऊच नये काय? तसे मुळीच नाही. तीच गाडी, तीच किंमत, पण कर्ज स्वतःच्या नावे आणि गाडी नजरगहाण, असा हिशोब करून पाहू. नऊ लाखांपैकी पंचवीस टक्के, म्हणजे २,२५,००० स्वतःचे. उरलेले ६,७५,००० चार वर्षांसाठी घटत्या शिलकीवर सोळा टक्क्यांनी धरले, तर हप्ता येतो सुमारे १९,१३०. एकूण खर्च ११ लाख ४३ हजारांच्या आसपास. महिन्याची शिल्लक सहा हजारांऐवजी जवळजवळ एकोणीस हजार. चार वर्षांच्या शेवटी, गाडीची किंमत धरून, मामांकडे ११,३१,००० होतात. पगारापेक्षा हे थोडे का होईना अधिक आहे. आठवडाभर गाडी उभी राहिली तरी या मार्गात तूट न येता हजार-दोन हजार हाती उरतात. शिवाय माल कुणाचाही भरता येतो, आणि विमा, परमिट, नोंदणी पुस्तक सर्व स्वतःच्या नावे.

दोन वाटांमध्ये अंतर किती? केवळ ७५,००० रुपयांचे, कारण दीड लाख हाताशी होतेच. दरमहा पाच हजार बाजूला टाकले तर पंधरा महिने.

अर्थात बँकेची पायरी चढणे प्रत्येकाला सोपे नसते. जामीनदार लागतो, उत्पन्नाचा पुरावा लागतो आणि रोख पगार घेणाऱ्या ड्रायव्हरकडे तोच नसतो. शेठच्या प्रस्तावाचे आकर्षण येथेच आहे. तो पुरावा मागत नाही, ओळखीवर देतो. यावर उपाय एकच, पगार बँकेत घेण्याचा आग्रह धरणे आणि वर्षभराचे खाते दाखवता येईल असे ठेवणे. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेतून मालवाहू वाहनासाठी कर्ज मिळते. अण्णासाहेब पाटील महामंडळ, महात्मा फुले महामंडळ अशा संस्थांच्याही योजना आहेत. त्यांची पात्रता त्या त्या कार्यालयात विचारावी. ज्याला थेट ट्रक झेपत नाही, त्याला लहान मालवाहू गाडीचाही विचार करता येईल. एकूण वजन तीन हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. म्हणूनच "छोटा हत्ती" आपल्या कॅम्पांच्या गल्लीबोळांत इतका दिसतो. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नव्याची किंमत उतरली की जुन्याचीही उतरते. तेव्हा दोन वर्षांपूर्वीच्या भावाने जुनी गाडी घेऊ नये.

मग घ्यावी की नाही?

एवढ्या विचारानंतर माझे मत असे झाले आहे. शेठकडून हप्त्यावर गाडी घेण्यास सरसकट नकार देऊ नये. परंतु पाच प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाल्यावाचून सहीही करू नये. गाडीवर सध्या बोजा कुणाचा, किती बाकी, आणि आपला हप्ता थेट त्या खात्यात भरता येईल काय? कराराची नोंद परिवहन कार्यालयात होईल काय? गाडी परत घेण्याची वेळ आली तर भरलेल्या रकमेपैकी किती परत मिळेल? माल बाहेरून उचलण्याची मोकळीक आहे काय? आणि घटत्या शिलकीवर मोजलेला दर बँकेच्या दराच्या जवळपास आहे काय? पाचांपैकी पहिल्या दोहोंचे उत्तर "नाही" असेल, तर पुढचे तीन विचारण्याचीही गरज नाही. तो व्यवहार भाडे-खरेदीचा नसून नुसत्या भाड्याचा आहे आणि इसार हे त्याचे आगाऊ भाडे आहे.

मामांच्या शेठनी प्रत्येक हप्त्याची पावती देण्याचे कबूल केले. नोंद करण्यास आणि मालाची मोकळीक देण्यास ते राजी झाले नाहीत. मामांनी प्रस्ताव नाकारला. ते आजही पगारावरच गाडी चालवतात, पगार मात्र बँकेत घेतात. मामेबहिणीची पहिल्या वर्षाची फी त्या दीड लाखांतून भरली गेली, तेव्हा बाजूला टाकण्याची रक्कम आता पंचाहत्तर हजारांहून मोठी झाली आहे. ट्रक लांबला हे खरे. "गाडी काय, पुन्हा मिळेल," असे मामी म्हणतात, आणि मामा त्यावर काही बोलत नाहीत. बावीस वर्षे दुसऱ्याची गाडी चालवणाऱ्या माणसाला हे गप्प बसणे किती जड जात असेल, हे कोणत्याही कोष्टकात मांडता येत नाही. म्हणून ज्यांनी असा प्रस्ताव स्वीकारला त्यांना अडाणी म्हणण्याचा अधिकार आपणा शिकलेल्यांना नाही. त्यांना आकडे कळत नव्हते असे नसते. त्यांच्यापुढे दुसरी वाट कुणी ठेवलेली नसते.

ती वाट दाखवण्याचे काम आपल्याला करता येण्याजोगे आहे. चक्रवाढ व्याजाचे गणित आपण परीक्षेपुरते शिकतो आणि विसरतो. तेच गणित एका कागदावर मांडून शेजारच्या ड्रायव्हरला, रिक्षावाल्याला किंवा शिवणयंत्र घेणाऱ्या ताईला समजावून सांगितले, तर तासाभराचे काम आहे. तो तास आपण दिला नाही, तरी हिशोब कुणीतरी करतच असते. फक्त तो हप्ता देणाऱ्याच्या बाजूने नसतो.